उगवण चाचणी

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत
मी मक्याचे दाणे मोजते.
शंभराचे चार वाटे. ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे,
कागद गुंडाळायचा, रबर लावून
पेटीत उभा करायचा, पंचवीस अंशावर.
चौथ्या दिवशी पहिली मोजणी,
सातव्या दिवशी शेवटची.

मार्चात थायलंडहून अंपॉन आली,
फ्रे जिल्ह्यातली, बावीस दिवसांसाठी.
सगळे तिला थाई मॅडम म्हणत.
मोडक्या हिंदीत मला म्हणाली,
बाहेर थाई. घरात नाही. घरात म्पी.
मी दोनदा विचारलं.
तिनं ओठ मिटले, मग उघडले: म्पी.
तांडा केवढा तुमचा?
(तांडा म्हणजे काय, ते हातवारे करून सांगितलं.)
तिनं एक बोट दाखवलं.
मग दुसरं, अर्धं दुमडून.

चौथ्या दिवशी कागद उलगडताना
ती स्वतःशीच म्हणाली, सी.
काय?
चार, ती म्हणाली. सूर उंच होता.
मग खालच्या सुरात, सी: रक्त.
तोच सूर, पण गळा आवळून: सात.
सी, आणि चिमट्यानं बुरशीचा दाणा बाजूला: सडलेलं.
गळा आवळून तेच: वाळून गेलेलं.
सी: गुंडाळणं. बोट कागदाकडे.
सी: धूर ओढणं. बोट खिडकीबाहेर,
रहीमचाचांच्या विडीकडे.
सी: मरणं.
सी: एक रंग. कोणता, ते तिला दाखवता येईना.
लॅबभर शोधला, माझ्या ओढणीत,
औषध लावलेल्या गुलाबी दाण्यांत. नव्हता.
आणि सी: एका माणसाचं नाव.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.

मीही म्हणून पाहिलं, पाच-सहादा.
ती हसून स्टुलावर बसली.
म्हणे मी सारखं एकच म्हणत होते,
सडलं, सडलं, सडलं.

माझ्याकडं एकच आहे.
छ.
मंठ्याच्या शाळेत, तिसरीत, गुरुजींनी
चित्रावर छडी ठेवली, हे काय आहे?
मी उभी राहून म्हणाले, गाय छ.
वर्षभर पोरं मला छ म्हणून हाका मारायची.
तवापासून तो गिळला तो गिळलाच.
याडी फोनवर छ म्हणते, मी आहे म्हणते.
माझं पोरगं दोन्हीला ओके म्हणतं.

अंपॉनला हे सांगायचं होतं, जमलं नाही.
हिंदीत सांगितलं तर त्यात गाय राहिली,
छ गेला.

जेवणाच्या सुट्टीत ती आईशी बोलायची,
पार्किंगमधल्या कडुनिंबाखाली, फोन गालाला चिकटवून.
शब्द कळायचे नाहीत.
पण आई ओरडते कधी आणि जेवलीस का विचारते कधी,
ते कळायचं.
भावाशी? मी विचारलं.
थाई.
म्हणजे आईच?
तिनं पेटीचं दार उघडलं, उगाच,
तापमान बघितलं, लावलं.

सातव्या दिवशी एक्क्याण्णव उगवले.
पाच आडमुठे, वाकड्या कोंबाचे.
तीन मेलेले.
एक दाणा राहिला. सडला नव्हता, वाळला नव्हता,
टपोरा, दाबला तर टणक,
कोंब मात्र नाही.
अंपॉननं तो तळहातावर घेतला,
काहीतरी म्हणाली. सी नव्हतं ते.
मी अर्थ विचारला.
तिनं मान हलवली, आणि तो परत ओल्या कागदात ठेवला.
असं करायचं नसतं. नियमात आठवा दिवस नाही.

ती गेली त्याला महिना झाला.
काल रजिस्टर तपासताना देशपांडे सर थबकले.
हे शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंय?
छ?
छत्तीस? छाटणी?
माझा हात ओल्या कागदावर होता.
छान, सर, मी म्हणाले.
घाईत अर्धंच लिहिलं गेलं.